त्यांनी केलं तरी काय?



संपादक मंडळाचा निरोप आला की इस्पितळातल्या आठवणी अजून लिहा, लोकांना आवडतात. लोकांना आवडतात त्या बाळंतपणाच्या आणि हसण्याच्या गोष्टी. आजची गोष्ट तशी नाही. ती मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. आता हे राहिले नाहीत आणि माझीही पंचाहत्तरी उलटली आहे, तेव्हा लिहून टाकते. नातवंडांना कुणीतरी वाचून दाखवा. मुलांनो, कायद्याचे अवघड शब्द येतील, पण जमेल तेवढं सोपं करून सांगते.

माझगावच्या सर एली कदूरी शाळेतून मॅट्रिक होऊन मी नर्सिंगला गेले. १९७६ साली मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स होते. वय सव्वीस. लग्न ठरलेलं होतं, दोन्ही घरांनी इस्राएलला यायचं नक्की केलं होतं आणि माझा पासपोर्टचा अर्ज पोलीस चौकशीसाठी गेलेला होता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२५ जून १९७५ च्या रात्री भारतात आणीबाणी लागली होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला. पुढारी, संपादक, युनियनवाले, शिक्षक, कॉलेजातली पोरं, हजारो माणसं तुरुंगात गेली. ज्या कायद्याखाली नेलं त्याला सगळे ‘मिसा’ म्हणत. नंतर शहा आयोगाने मोजदाद केली तेव्हा एकट्या मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं अडकवली होती असं निघालं.

मुलांनो, अटक दोन प्रकारची असते. एकात माणसाने चोरी केली, डोकं फोडलं, म्हणून पोलीस धरतात. त्याला कोर्टात उभा करतात, साक्षीदार येतात, मग शिक्षा तरी होते नाहीतर सुटका. दुसरी अटक निराळी. माणसाने अजून काही केलेलं नसतं. पण हा बाहेर राहिला तर पुढे काहीतरी करील, लोकांची शांतता मोडेल, असं एका अधिकाऱ्याला वाटतं, आणि तेवढ्यावर त्याला आत ठेवतात. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. मराठीत त्याला प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. इथे तुमचे आईवडील बातम्यांत ‘मआत्सार मिन्हाली’ ऐकतात ना, त्याच जातीची ती.

मार्च महिन्यात एका रात्री तुरुंगातून एक पेशंट आला. रक्ताची उलटी झालेली, कपडे भिजलेले, ओठ पांढरे फटक. बरोबर दोन शिपाई आणि एक हवालदार. पोटात अल्सर फुटला होता. आम्ही नाकातून रायल्स ट्यूब घातली, बर्फाच्या पाण्याने पोट धुतलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. तेव्हा आतासारख्या गोळ्या नव्हत्या. दर दोन तासांनी दूध आणि पांढरं औषध, एवढाच उपाय. माणूस वाचला. सकाळी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? “सिस्टर, रात्री तुम्हाला फार त्रास दिला.” आणि तेव्हा त्याचा डावा हात बेडीने खाटेच्या दांड्याला अडकवलेला होता.

ते शिक्षक होते. रात्रशाळेत गिरणी कामगारांच्या पोरांना गणित शिकवायचे आणि शिक्षकांच्या युनियनचं काही काम करायचे. नाव देत नाही, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो.

त्यांची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची. गुरुजींना दुधाशिवाय काही चालत नव्हतं, तरी डबा आणायची. भेटीची परवानगी नव्हती, म्हणून वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी मी बाहेर गेले तर तिने माझा हात धरला आणि विचारलं, “सिस्टर, ह्यांनी केलं तरी काय? तुमच्या कागदात लिहिलंय का?”

तिला वाटलं, इस्पितळाच्या केसपेपरवर ते असेल. आमच्या कागदावर ‘अटकेतील रुग्ण’ एवढंच होतं. मी हवालदाराला विचारलं. तो साताऱ्याकडचा, वयस्क माणूस. म्हणाला, “बाई, माझ्याकडे कैद्याचा नंबर आहे आणि पावती आहे. काय केलं ते आम्हाला कोण सांगतंय?” मग मी गुरुजींनाच विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं! आठ महिने तुरुंगात काढले आणि आपण काय केलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना मिळालेल्या कागदावर एवढंच, की सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येईल असं वर्तन करू नये म्हणून स्थानबद्ध करण्यात येत आहे. कोणतं वर्तन, कुठे, कधी, काही नाही.

ही काही कारकुनाची चूक नव्हती. आणीबाणी लागल्यावर चार दिवसांत मिसामध्ये नवं कलम घातलं होतं, सोळा-अ. धरलेल्या माणसाला कारणं सांगण्याची गरज नाही. पुढे त्यात आणखी भर घातली, की ती कारणं गुप्त आहेत, कोर्टालासुद्धा दाखवायची नाहीत.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवताना हे सांगितलं. आमचे बाबा रेल्वेत होते, सरळमार्गी माणूस, शब्बाथला दिवा लावायला उशीर झाला तरी चिडायचे. ते म्हणाले, “काही केलं असेल म्हणूनच धरलं असेल. उगाच कुणी धरत नाही. तू त्यात पडू नकोस, आपले कागद आत आहेत.” मीही मान हलवली. मला ते पटलंही होतं थोडं. खोटं कशाला लिहू?

नर्स म्हणून मला ही दुसऱ्या प्रकारची अटक तशी नवीन वाटायला नको होती. गोवर आलेल्या पोराला आपण वेगळं ठेवतोच. देवी, घटसर्प, पटकी, सगळ्यांना वेगळा वॉर्ड. त्या पोराने काय गुन्हा केलेला असतो? काही नाही, बाकीच्यांना धोका म्हणून वेगळं. पण आम्ही अंगावरचे पुरळ बघतो, ताप मोजतो, डॉक्टर तपासून सही करतात, तारीख घालतात आणि किती दिवस ते आईला सांगतात. दुसरा डॉक्टर राउंडला येऊन म्हणू शकतो की हा गोवर नाही, ही घामोळी आहे, सोडा त्याला. ते दुसरं येणंच बंद केलं तर? हे तेव्हा मला एवढं नीट कळत नव्हतं. आज लिहिताना कळतंय.

नाईट ड्युटीला रात्री दोनचं दूध द्यायला गेले की गुरुजी जागे असायचे. शिक्षक माणूस, समोर कुणी दिसलं की शिकवायला सुरुवात. एकदा त्यांनी माझी पेन्सिल मागितली आणि दुधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर तीन वर्तुळं काढली, एकात एक. म्हणाले, ह्या वर्तुळांनी राममनोहर लोहियांना सोडवलं.

ती हकीकत अशी. १९६५ च्या ऑगस्टमध्ये पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्याने लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं. नियमात शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. अधिकाऱ्याने हुकुमात लिहिलं ‘कायदा आणि सुव्यवस्था’. तुम्ही म्हणाल एकच ते. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, एक नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वर्तुळांचा दाखला दिला. सगळ्यांत मोठं वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचं. त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं. आणि त्याच्याही आत सगळ्यांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे भांडले तर कायदा मोडला, त्यांना धरा, खटला भरा. पण त्याने गावाची घडी विस्कटत नाही. तेच दोघे दोन जमातींचे असले आणि एकाने त्यावरून लोकांना पेटवायला सुरुवात केली, तर गोष्ट आतल्या वर्तुळाकडे सरकते. खटल्यावाचून धरण्याचा अधिकार फक्त आतल्या वर्तुळासाठी दिलाय, बाहेरच्यासाठी नाही. हुकूम बाहेरच्या वर्तुळाचे शब्द लिहून काढला, म्हणून रद्द. लोहिया सुटले. ते १९६५ च्या सप्टेंबरात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना आणि १९६२ ची आणीबाणी अजून उठलेली नसताना!

“म्हणजे एका शब्दावर सुटका?” मी विचारलं.

“शब्द लिहावा लागला म्हणून सुटका,” ते म्हणाले. “लिहिलं की न्यायाधीशाला वाचता येतं. मला तर वाचायला काही दिलंच नाही.”

त्यांच्या वतीने मुंबई हायकोर्टात अर्ज झालेला होता. अशा अर्जाला हेबियस कॉर्पस म्हणतात. अर्थ असा, की ह्या माणसाला आमच्यापुढे आणा आणि कुठल्या अधिकाराने ठेवलाय ते सांगा. इथे लोक बागात्सकडे जातात ना, तसंच समजा. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जाण्याचा हक्क सरकारने स्थगित केला होता, तरी देशातल्या नऊ हायकोर्टांनी, त्यात आपलं मुंबईचंही आलं, म्हटलं होतं की हुकूम कायद्याला धरून आहे की नाही एवढं आम्ही तपासणारच. सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं. सगळे तुरुंग त्या निकालाकडे डोळे लावून बसले होते.

निकाल २८ एप्रिल १९७६ ला लागला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाने पेपर आणला होता, तो गुरुजींनी मागून घेतला. मी टेम्परेचर घेत होते, थर्मामीटर त्यांच्या तोंडात होता. त्यांनी पहिल्या पानावरचं वाचलं, पेपर चार घड्या करून परत दिला. थर्मामीटर काढल्यावर म्हणाले, “चार विरुद्ध एक.”

पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी म्हटलं होतं की आणीबाणी असेतोवर स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही, हुकूम दुष्टबुद्धीने काढलेला असला तरी. त्या चौघांत सरन्यायाधीश रे, बेग, भगवती आणि आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारचे मुख्य वकील नीरेन डे यांना विचारलं होतं, एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणसाचा जीवच घेतला तरी दाद नाही का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. हंसराज खन्ना एकटे वेगळे पडले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती, ती डावलून बेगसाहेबांना दिली आणि खन्नांनी राजीनामा दिला.

दुपारी गुरुजींची बायको आली ती नुसती बाकावर बसून राहिली. वकिलांनी सांगितलं होतं, आता अर्ज उभाच राहत नाही. त्या दिवशी हवालदार मला म्हणाला, “मी खाली चहा घेऊन येतो, पाच मिनिटं लागतील. तुमचा वॉर्ड आहे, तुम्ही बघा.” आणि शिपायांना घेऊन गेला. मी तिला आत सोडलं. ती काही बोलली नाही. पदराने त्यांचं कपाळ पुसलं, बेडीखाली मनगट सोलवटलं होतं तिथे हात ठेवला. मी दुसरीकडे तोंड करून बाटल्या मोजत राहिले. हवालदार पंधरा मिनिटांनी आला.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते.

दोन दिवसांनी रात्री गुरुजींनी उशीखालून एक कागद काढला. म्हणाले, “सिस्टर, एवढा पोस्टात टाकाल? हिच्याकडे दिला तर झडतीत सापडेल.” मी बॅटरीच्या उजेडात बघितला. मला वाटलं होतं काही बंडाबिंडाचं असेल. एक ओळ होती. राज्य सरकारच्या नावाने अर्ज. ‘मला कोणत्या कृत्याबद्दल स्थानबद्ध केले आहे ते कृपया कळवावे.’ खाली सही, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं वळणदार.

पाच पैशांचं काम होतं. मी म्हटलं, “गुरुजी, माझं पासपोर्टचं चालू आहे. आम्ही इस्राएलला जाणार आहोत. पोलीस चौकशी व्हायची आहे.”

त्यांनी लगेच कागद मागे घेतला. “मग नकोच, बाई. अजिबात नको. जा तुम्ही सुखाने तुमच्या देशाला.”

त्यात टोमणा नव्हता. मनापासून म्हणाले. पण मला ते लागलं, आजही लागतं. माझा जन्म माझगावचा, आजोळ रेवदंड्याचं, किती पिढ्यांनी तिथे तेलाचा घाणा चालवला. भीतीपोटी एक कागद नाकारला आणि एका वाक्यात मी परकी झाले. त्यांनी केलं नाही, माझं मीच केलं.

एक मात्र त्या आठवड्यात माझ्या हातून बरं झालं. वरून पेशंटला तुरुंगात परत पाठवायची घाई चालली होती. मला सांगण्यात आलं की शौचाच्या रकान्यात नॉर्मल लिहा. गुरुजींना अजून काळी शौच होत होती, म्हणजे आत रक्त झिरपत होतं. हे प्रत्येक नर्सला पहिल्या वर्षी शिकवतात. मी काळी लिहिलं. तारीख, वेळ, सही. मेट्रनबाईंनी चार्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली आपली सही केली. त्यामुळे ते आणखी नऊ दिवस राहिले. शूरपणा म्हणून हे सांगत नाही, चार्ट खोटा लिहायचा नाही ही सवयच होती. कागद पोस्टात टाकायची सवय नव्हती. पुढे पहाटे, मी ड्युटीवर नसताना, त्यांना घेऊन गेले.

मला पासपोर्ट मिळाला. १९७८ साली आम्ही इथे आलो, लोदला दोन वर्षं काढली, मग अश्दोदला. इथे आल्यावर हिब्रू अक्षरं शिकताना, नाईट ड्युट्या करताना, मुलं वाढवताना हे सगळं मागे पडलं. पण भारतातलं पेपरात आलं की वाचायची. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतसुद्धा जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. ते लिहिणारे न्यायमूर्ती कोण? त्या चौघांतल्या यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय. बापाचा निकाल मुलाने पुसला. ती बातमी मी दोनदा वाचली आणि गुरुजींच्या बायकोची आठवण झाली. तिला हे एकेचाळीस वर्षं आधी हवं होतं.

ह्यावरून कुणी असं समजू नये की आणीबाणीबरोबर हे प्रकार संपले. हे आधीही होते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या धामधुमीत रँडसाहेबाचा खून झाला, तेव्हा नातू बंधूंना इंग्रजांनी १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून डांबून ठेवलं होतं. आणि नंतरही आहेत. भारतात १९८० पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे. महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे, झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थवाले आणि धोकादायक व्यक्तींसाठी. त्यात मागाहून व्हिडिओ पायरसीवाले आणि वाळूतस्करही आले. वर्षभर आत ठेवता येतं. आता कारणं लेखी द्यावी लागतात, सल्लागार मंडळापुढे जावं लागतं आणि कोर्टात आव्हान देता येतं, हा मोठा फरक. अशा खटल्यांत बऱ्याच वेळा नाव न सांगितलेल्या दोन साक्षीदारांचे जबाब असतात, आम्ही घाबरलो, दुकानं बंद केली, अशा मजकुराचे. डिसेंबर २०२४ मध्ये हातभट्टीच्या दारूच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असा हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती भूषण गवई त्या पीठावर होते. दारू गाळली म्हणून खटला भरा, पण त्याने सार्वजनिक सुव्यवस्था कशी मोडली ते दाखवा. म्हणजे दुधाच्या चिठ्ठीवरची वर्तुळं एवढ्या वर्षांनीही कोर्टात चालतात. माझं मत विचाराल तर हातभट्टीवाल्याबद्दल मला काडीची माया नाही. विषारी दारूने आंधळे झालेले पेशंट मी पाहिलेत. पण वर्तुळ त्याच्यासाठी पुसलं तर गुरुजींसाठीही पुसलं जातं.

आणि इथलं? काही वाचक म्हणतील, बाई, भारताचं सांगा, इथलं नको. पण ह्याचं मूळ दोन्हीकडे एकच, इंग्रज. १९४५ चे आणीबाणीचे नियम त्यांनी इथे ज्यूंविरुद्ध वापरले. त्याच्या आधीच, १९४४ च्या ऑक्टोबरात, २५१ तरुणांना खटल्यावाचून विमानात घालून एरिट्रियाला नेलं. नंतर केनियातही ठेवलं. शमुएल तामीर हे त्यांतले एक, १९४७ साली केनियाला पाठवलेले. मेनाहेम बेगीन यांनी १९५१ साली क्नेसेटमध्ये ह्या नियमांवर कडाडून टीका केली. पुढे बेगीन पंतप्रधान आणि तामीर न्यायमंत्री असताना १९७९ चा नवा कायदा झाला. प्रतिबंधक अटक काढून टाकली नाही, पण ४८ तासांच्या आत जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्षांपुढे उभं केलं पाहिजे आणि दर तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली पाहिजे, असं घातलं. केनियात बसून आलेल्या माणसाला ४८ तासांची किंमत कळली असणार. वेस्ट बँकेत मात्र लष्करी हुकूम चालतात, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर तिथे अशा अटकेत असलेल्यांचा आकडा तीन हजारांच्या वर गेला. पुरावा गुप्त असतो, न्यायाधीश पाहतात पण धरलेल्याला दिसत नाही.

सुरक्षा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. अश्दोदला सायरन झाला की पंचेचाळीस सेकंदांत मामादमध्ये जायचं, माझे गुडघे ह्या वयात ते कसं करतात मलाच ठाऊक. माझा मुलगा मिलुइममध्ये होता, नातूही गेला. काही माणसं खरोखरच धोक्याची असतात. पण बातमी ऐकताना ‘काही केलं असेल म्हणूनच धरलं असेल’ हे बाबांचं वाक्य तोंडाशी येतं, तेव्हा मी ते गिळते. दाराबाहेर डबा घेऊन कोण बसलं असेल ते मला माहीत नसतं.

मुलांनो, यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही तनाखच्या तासाला शिकला असाल. नगराला वेढा पडलेला असताना हा माणूस बोलून सैनिकांचे हात गाळतो, म्हणून सरदारांनी त्याला चिखलाच्या हौदात टाकलं. तीही सुव्यवस्थेच्या नावाने केलेली अटकच. राजवाड्यातला एबेद-मेलेख नावाचा एक कूशी चाकर सरळ राजाकडे गेला आणि दाद मागितली. मग वर काढताना दोराने काखा सोलवटू नयेत म्हणून त्याने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या, ह्या काखेत धर म्हणून. चाकरच तो, त्यालाही नोकरीची भीती असेलच ना.

गुरुजींचं पुढे काय झालं ते राहिलंच. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि ते सुटले. मे महिन्यात मी ओपीडीत ड्युटीला होते. गर्दी मोठी. केसपेपरच्या खिडकीशी ते उभे, पांढरा सदरा, बरेच बारीक झालेले, बायको बरोबर. मला पाहून दोघं हसली. बायकोने विचारलं, “बाई, अजून गेला नाहीत?” म्हटलं, पुढच्या वर्षी.

मला त्या कागदाबद्दल माफी मागायची होती. शब्द जुळवेपर्यंत त्यांनीच विचारलं, “सिस्टर, मला धरलं कशाला होतं ते तुम्हाला तरी कळलं का?”

“नाही हो. तुम्हाला?”

“सुटताना विचारलं. म्हणाले, कागद आमच्याकडे नाही.”

मागचे लोक ओरडायला लागले. मी त्यांचा केसपेपर घेतला, नाव लिहिलं, वय ४४ लिहिलं आणि तक्रार काय ह्या रकान्यात लिहिलं, पोटात दुखणे, दीड वर्षापासून.